साडेतीन वर्षांच्या मुलीची आजीकडची पहिली रात्र : आपण निघायचं कधी?

रानफूल
नमस्कार मंडळी. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. येत्या शनिवारी ती पहिल्यांदाच आमच्याशिवाय आजी-आजोबांकडे राहणार आहे. आम्ही कांदिवलीला, माझे आई-बाबा गिरगावात चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर ती तिथे छान रमते, प्रश्न फक्त रात्रीचा आहे. घरी एसी, पलंग आणि कमोड. तिथे पंखा, खाली घातलेली गादी आणि संडास गॅलरीच्या टोकाला.

मुख्य प्रश्न असा की आम्ही ती जागी असताना निघावं की तिला झोपवून? आई म्हणते, "झोपली की गुपचूप निघा, उगाच रडारड नको." शिवाय बरोबर काय द्यायचं, आणि मध्यरात्री रडायला लागली तर किती वेळ थांबून मग आणायला जायचं, हेही सांगा.

मोरपीस
आईंचं बरोबर आहे. झोपल्यावरच निघा. निरोपाच्या वेळी रडून दमलेलं मूल रात्रभर हुंदके देत झोपतं. त्यापेक्षा शांत झोपू दे, सकाळी उठेल तेव्हा आजीने पोहे समोर ठेवलेले असतील.

बालवाडीताई
मोरपीस, सकाळपर्यंत झोपली तर ना! तिथेच गोम आहे.

या वयाचं मूल सलग दहा तास एका ठोक्यात झोपत नाही. साधारण तासा-दीड तासाने झोप उथळ होते, मूल कूस बदलतं, अर्धवट डोळे उघडतं, सगळं होतं तसंच आहे ना हे चाचपतं आणि परत झोपतं. डोळे मिटताना शेजारी आई होती आणि डोळे उघडल्यावर आई नाही, खोली वेगळी, उजेड वेगळा, तर ते पूर्ण जागं होतं. वर आईने फसवलं ही जाणीव. मग पुढचे कित्येक दिवस स्वतःच्या घरीसुद्धा झोपताना आईचा पदर सोडत नाही, कारण झोपलं की माणसं नाहीशी होतात हे ते शिकलेलं असतं.

म्हणून नियम एकच : रात्री एक वाजता जे माणूस शेजारी असणार आहे, त्यानेच साडेआठला थोपटायचं. म्हणजे आजीने. तुम्ही त्याआधी, ती जागी असताना, तिला दिसेल असं निघायचं.

दुपारचंऊन
ताईंना पूर्ण अनुमोदन. रडेल, पण कशासाठी रडतेय ते तिला माहीत असेल.

आजोबा_माहीम
निघण्याबद्दल थोडं. उशिरा, दिवेलागणीला निघू नका. तिन्हीसांजेला मुलं तशीही किरकिरी होतात, त्यात निरोप नको. पाच-साडेपाचला निघा, म्हणजे झोपेपर्यंत मध्ये तीन तास मिळतात. खाली चक्कर, वाण्याकडून लिंबं आणणं, आंघोळ, जेवण, यात रडू विरून जातं.

निरोप दोन मिनिटांत उरका. दारात उभं राहून पंधरा मिनिटं पापे घेत बसलात तर मुलाला वाटतं, नक्की काहीतरी भयंकर घडणार आहे. "जातो" म्हणू नका, "येतो" म्हणा, ही आपली जुनी रीत इथे फार कामाची. आणि कधी येणार ते घड्याळात सांगू नका. "सकाळी तू दूध प्यायलीस, आजोबांबरोबर देवाला फुलं वाहिलीस, पोहे खाल्लेस, की आम्ही येतो." हा क्रम तिच्या लक्षात राहतो. "उद्या दहाला" राहत नाही. आणि सांगितलंय त्याच क्रमाने पोचा. रविवारी रेल्वेचा ब्लॉक असतो, शनिवारीच वेळापत्रक बघून ठेवा. पोहे दहा मिनिटं उशिरा झाले तरी चालेल, पण तुम्ही उशिरा पोचून चालणार नाही.

गिरगावकर
चाळीतली रात्र म्हणून वेगळं लिहितो, कारण फ्लॅटमधल्या सूचना इथे निम्म्या लागू पडत नाहीत.

संडास. रात्री अडीच वाजता साडेतीन वर्षांच्या मुलीला झोपेतून उचलून गॅलरीच्या टोकापर्यंत नेणं आजीच्या गुडघ्यांना झेपणार नाही आणि मुलीलाही तो अंधार नको. घरचं पॉटीचं भांडं बरोबर न्या आणि रात्रीपुरतं मोरीत ठेवा. नुसती शू असेल तर मोरीतच. पण हे त्या रात्री पहिल्यांदा करायला सांगू नका, आधीच्या भेटीत दिवसा दोनदा करून घ्या. कमोडची सवय असलेली मुलं मोरीत बसायला लाजतात, शू धरून ठेवतात आणि मग गादीत होते. झोपण्याआधी एकदा, आणि आजी-आजोबा झोपायच्या वेळी, अकराच्या सुमाराला, एकदा उठवून.

गादी. चार थर घाला : खाली रबरी शीट, त्यावर सुती चादर, परत रबरी शीट, परत चादर. रात्री ओलं झालं तर वरचे दोन थर काढून बाजूला टाकायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. दिवा मोठा करून कपाट उघडून चादर शोधत बसायची गरज नाही. उशीजवळ एक परकर आणि दोन चड्ड्या काढून ठेवा. पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओलं होणं हा आजार नाही, तेव्हा "एवढी मोठी झालीस आणि..." हे वाक्य घरातल्या कुणीही काढायचं नाही.

पाणी. बऱ्याच चाळींत पाणी पहाटे येतं. मोटर, पिंपात पडणारी धार, बादल्यांचा खडखडाट, शेजाऱ्यांच्या हाका. आजी-आजोबांना ते ऐकूही येत नाही, मुलगी मात्र ताडकन उठेल, आणि ती वेळ झोप उथळ असण्याचीच. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा : "पहाटे पाणीबाप्पा येतो, धो-धो आवाज करतो, आजोबा पिंप भरतात." आवाजाला नाव मिळालं की भीती निम्मी होते. पिंपावर झाकण आणि झाकणावर पाटा किंवा काहीतरी जड. भरलेली बादली मोरीत उघडी ठेवायची नाही, वीतभर पाण्यातही लहान मूल डोकं खाली होऊन बुडू शकतं.

दार. खालची कडी मुलांच्या हाताला येते. रात्री वरची कडी घाला. पोटमाळ्याची शिडी असेल तर रात्रीपुरती उचलून आडवी ठेवा. गॅलरीच्या कठड्याजवळ स्टूल, कुंडी, सायकल काही नको, मुलं त्यावर चढतात.

मोरपीस
मोरीचा एवढा खटाटोप कशाला? एक रात्र डायपर लावा, प्रश्न मिटला.

बालवाडीताई
रात्रीचा डायपर अजून चालू असेल तर जरूर लावा, पहिल्या रात्रीच सवय मोडायचा हट्ट नको. पण सहा महिन्यांपूर्वी सुटला असेल तर परत लावल्यावर ती "मी बाळ नाही" म्हणून रुसेल. तिलाच विचारा. गिरगावकरांचे चार थर दोन्हीकडे चालतील.

निळीछत्री
अंथरुणाबद्दल अजून एक. पाहुण्यांची म्हणून जपलेली गोधडी बहुतेक घरांत कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर असते. ती थेट नातीच्या अंगावर घालू नका. दोन दिवस आधी काढा, कडक उन्हात उलटसुलट टाका, जमलं तर धुवा. नाकाला वास लागतोय तोवर वापरायची नाही. नॅफ्थलीनच्या वाफेने लहान मुलांना मळमळ होऊ शकते आणि ज्यांना जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गोळ्या पांढऱ्या, पेपरमिंटसारख्या दिसतात, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात, कपड्यांच्या घडीत कुठे राहिल्या नाहीत ना ते बघा.

देवघरातला कापूरही तसाच. खडीसाखरेच्या वाटीशेजारी कापराची डबी असते. थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. डबी वरच्या फळीवर.

डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत बरी, पावसाळ्यात तर हवीच. कछुआ (डासांची जळती कॉइल) बंद खोलीत रात्रभर नको. मच्छरदाणीची सवय नसेल तर दिवसा तंबू म्हणून तीत खेळू द्या, रात्री ती आपणहून आत शिरेल.

पारिजात
झोपेसाठी आजीला जायफळ उगाळायला सांगा. दुधात दोन वेढे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात, मूल गाढ झोपतं.

औषधवाला
पारिजात, हे नको. वेढे किती, सहाणेवर जोर किती, जायफळ केवढं, याचं माप कुणाकडेच नसतं. जायफळात मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि जास्त झालं तर गुंगी, धडधड, उलट्या, भ्रम होतो. अनोळखी घरात पहिल्याच रात्री मुलगी नेहमीपेक्षा गाढ झोपली तर ती दमलीय की काही बिनसलंय, हे आजीला कळणार कसं? गरम दूध द्या, पुरे.

आता औषधांचं सविस्तर लिहितो, कारण आजी-आजोबांच्या घरात खरा धोका इथे असतो.

पहिलं, त्यांच्या स्वतःच्या गोळ्या. सात कप्प्यांची डबी टीव्हीजवळ, टेबलावर, उशीखाली असते. ती उघडायला एका बोटाचं काम. मधुमेहाच्या काही गोळ्यांची, ग्लिमेपिराइडसारख्यांची, एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक खाली आणते, आणि परिणाम काही तास उशिराही दिसतो. मूल सुस्त होतं, घाम येतो, आपल्याला वाटतं झोप आलीय. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तितक्याच वाईट. शनिवारी सकाळीच डबी, आजीची पर्स आणि आजोबांच्या खिशातली स्ट्रिप, सगळं उंच कपाटात कुलपात. गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, मीठपाणी पाजू नका, स्ट्रिप हातात घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

दुसरं, तापाचं औषध. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे वेगवेगळ्या ताकदीत मिळतं : ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ. मात्रा वजनावर, किलोला १५ मिग्रॅ. मूल १४ किलोचं असेल तर २१० मिग्रॅ. १२०च्या बाटलीतून ते पावणेनऊ मिली होतं, २५०च्या बाटलीतून जेमतेम सव्वाचार. घरी तुम्ही पावणेनऊ देता म्हणून आजीने तिच्याकडच्या बाटलीतून पावणेनऊ दिलं की मात्रा दुप्पट! म्हणून "ताप आला तर ते गुलाबी औषध दे" असा निरोप देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली तुमचीच बाटली, तिचंच मापाचं झाकण किंवा सिरिंज द्या, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक लिहा : इतके मिली, दोन डोसांत किमान सहा तास, दिल्याची वेळ इथे लिहा. आजीचा चष्मा रात्री काढलेला असतो, अक्षर मोठं काढा.

तिसरं, खोकल्याचं औषध आजीच्या फडताळातलं तर मुळीच नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलंच आहे की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा सुचवली जात नाहीत. आजोबांची ७५ मिग्रॅची अॅस्पिरिनही तापावर चालत नाही.

चौथं, ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. अर्धं पाकीट पेल्यात ढवळायचं नाही, प्रमाण बिघडतं.

पारिजात
जायफळाचं पटलं. पण दृष्ट काढायला तरी हरकत नसावी! मीठ-मोहरी उतरवली की आजीलाच निम्मं हायसं वाटतं.

औषधवाला
खुशाल काढा. फक्त मोहऱ्या विस्तवावर टाकाल तेव्हा मुलगी दुसऱ्या टोकाला असू द्या, त्या उडतात.

निळीछत्री
श्रवणयंत्र, वजनकाटा, आरतीची वाजणारी खेळणी, छोटे रिमोट, यांतल्या गोल चपट्या बॅटऱ्या राहिल्या की. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू लागते. सुटी बॅटरी घरात दिसताच उचला. शंका आली तर एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच.

दुपारचंऊन
जेवणाचं कुणी लिहिलं नाही. आजी लाडाने पाच पदार्थ करेल, पण त्या रात्री ओळखीचंच द्या : मऊ वरणभात, तूप, लिंबू. सात-सव्वासातला जेवण, मग पाणी थोडं थोडं. सातनंतर चॉकलेट, चहातलं बिस्कीट नको. चिवड्यातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकतात. शेंगदाणे कूट करून, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. आणि पडल्या पडल्या खाऊ भरवायचा नाही, तोंडात काही असेल तर बसूनच.

मोरपीस
झोपताना व्हिडिओ कॉल करायचा ना? आईचा चेहरा दिसला की शांत होईल.

दुपारचंऊन
होईल की भडकेल? स्क्रीनवर आई दिसते पण कुशीत येत नाही, यानेच बरीच मुलं फुटतात.

बालवाडीताई
करायचाच असेल तर जेवणाआधी, उजेड असताना, तीन-चार मिनिटं. आणि तुम्ही "आठवण येते का गं?" असं विचारू नका. "आजोबांनी काय आणलं?" विचारा. झोपायच्या तोंडावर कॉल नको.

त्यापेक्षा तुमची जुनी मऊ सुती ओढणी किंवा साडीचा तुकडा द्या, न धुतलेला, दोन रात्री तुमच्या उशाशी ठेवलेला. वास हा चेहऱ्याहून पक्का. (बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर मात्र अंथरुणात कापड, उशी, गोधडी काहीच नको.) घरी झोपताना जी दोन गाणी, जी गोष्ट असते ती आजीला शब्दशः शिकवा. गोष्टीत ससा घरी आधी पाणी पितो आणि आजीचा ससा आधी गाजर खातो, एवढ्यावरूनही रात्री नऊला वाद होतो.

आणि या आठवड्यातच तयारी सुरू करा. दोन रात्री घरी एसी बंद, पंखा चालू. दोन रात्री खाली गादी. एक दुपार गिरगावात आजीने झोपवायचं, तुम्ही बाहेर. दुपारची झोप जमली की रात्रीचं निम्मं काम झालं. मात्र शनिवारी दुपारी तीनच्या पुढे झोपू देऊ नका.

रानफूल
किती नेमकं लिहिताय सगळे! बाबांना प्रिंट काढून देणार आहे. आता शेवटचा प्रश्न राहिला : रात्री रडली तर?

आजोबा_माहीम
हे आधी मोठ्यांमध्ये ठरवा, नातीसमोर नाही. रात्री एक ते चारच्या दरम्यान लोकल नसतात, आणि टॅक्सी-रिक्षाला बारा ते पाच सव्वापट भाडं पडतं. कांदिवलीहून गिरगाव म्हणजे रस्ता मोकळा असला तरी बराच वेळ. तेव्हा "लगेच येतो" हे खोटं वचन फोनवर देऊ नका. शक्य असेल तर त्या रात्री जवळपास कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करा, पण तिला ते सांगू नका.

बालवाडीताई
रडण्याचे दोन प्रकार आजीला समजावून ठेवा.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत एकदम किंचाळली, डोळे उघडे पण ओळखत नाही, हात लावला की ढकलते, तर ती जागी नाही. याला रात्रीची दचक म्हणा. हलवून उठवू नका, दिवा लावू नका, पाणी मारू नका. फक्त पडणार-आपटणार नाही हे बघा. काही मिनिटांत आपोआप निवते आणि सकाळी तिला काही आठवत नाही. अति दमलेल्या मुलांना हे जास्त होतं, म्हणून शनिवारी चौपाटी, राणीबाग आणि वाढदिवस असा तिहेरी बेत नको.

उत्तररात्री जागी होऊन "आई हवी" म्हणून रडली, तर ती खरी जागी आहे. आधी शू, मग दोन घोट पाणी, मग ओढणी, मग आजीची मांडी. दिवा तोच, आवाज हळू. "रडू नको" म्हणू नये. "आई हवीय तुला, हो ना. पोहे खाल्ले की आई येणार" एवढंच, पुन्हा पुन्हा. वीस मिनिटांत हुंदके मंदावले, मध्ये गप्प होऊन ऐकू लागली, तर ती झोपणार. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चढतंच राहिलं, उलटी झाली, अंग ताठ करून दाराकडे ओढत असेल, तर फोन करा आणि न्यायला जा. न्यायला गेलात तर "हरलीस" असा सूर नको. घरी या, झोपा, आणि पंधरा दिवसांनी परत फक्त दुपारपासून सुरुवात करा.

ताप, श्वास घेताना घरघर, सतत उलट्या, अंगावर गांधी असं काही असेल तर चाळीस मिनिटांचा हिशोब नाही, लगेच डॉक्टर. रात्री उघडं असणारं, लहान मुलांचे डॉक्टर असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, ते आजोबांनी दिवसा एकदा बघून ठेवावं.

मोरपीस
ताई, तुमचा एक वाजताचा मुद्दा पटला. गुपचूप निघण्याचा सल्ला मागे घेते. डोळे उघडल्यावर तिला जे दिसणार, तेच डोळे मिटताना दिसायला हवं.

रानफूल
ठरलं. साडेपाचला चहा घेऊन, तिला सांगून निघणार. आई आधी नाराज झाली, पण "रात्री एक वाजता कोण असणार?" असं विचारल्यावर म्हणाली, "मग गाणी लिहून दे." मी गिरगावातच मावशीकडे थांबणार आहे. बाबांनी गोळ्यांची डबी आत्ताच लोखंडी कपाटात टाकली आणि झिरोचा दिवाही आणला. गादीच्या उशाशी लावावा म्हणतात.

गिरगावकर
उशाशी नको, डोळ्यांवर येईल. मोरीच्या दाराजवळ खाली लावा, म्हणजे उठल्यावर पॉटी दिसेल आणि आजीचा चेहराही.